स्वतःच्याच बोलीवर बोली

दुपारचे तीन वाजून गेलेत. पोटात काही नाही, डोळ्यांवर मात्र झापड आहे. मी गालिच्यावर आडवी झालेय, गाल लोकरीला लावून. विकायच्या मालावर झोपायचं नाही हा नियम मीच केलेला आहे, पण या घरात मला विचारणारं आहे कोण? लाल जमिनीवर हत्तीच्या पावलांची नक्षी आहे. त्यातलं एक पाऊल डोळ्यांसमोर मोठं मोठं होत जातं. पंख्याचा आवाज लांबून यायला लागतो.

पूर्ण झोप लागायच्या आत हा गालिचा कुणाचा ते सांगून टाकते.

मी वापरलेले गालिचे विकते. बंगला रिकामा करणारी माणसं, मुलांकडे परदेशी निघालेली जोडपी, बंद पडलेली हॉटेलं यांच्याकडून घेते, धुते, सुकवते, फोटो काढते आणि इंटरनेटवरच्या लिलावात लावते. सात दिवस बोली चालते. शेवटच्या दोन मिनिटांत कुणी बोली लावली, तर लिलाव आणखी दोन मिनिटं पुढे जातो. यासाठी मी बँकेतली नोकरी सोडली. मी लग्न केलं नाही हे माझ्या वडिलांनी, आप्पांनी, कसंबसं पचवलं होतं. बँक सोडली हे काही पचलं नाही. आप्पा चाळीस वर्षं सोलापूरच्या गिरणीत जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम होते, कापड हीच त्यांची इज्जत.

"लोकांनी पाय पुसलेलं विकणार होय तू?" ते म्हणाले.

"तुमच्या चादरींनी लोक काय काय पुसतात ते बघायला गेला होतात का?" मी म्हणाले.

दोघंही एकाच माळेचे मणी. त्या दिवसापासून तीन वर्षं बोलणं बंद. आईला फोन केला की मागून खोकल्याचा आवाज यायचा, तेवढंच.

त्याच काळात मला एक गिऱ्हाईक लागलं. लिलावावर नाव होतं 'ताणाबाणा ४९'. ज्या गालिच्याकडे कुणी ढुंकून बघायचं नाही तो हा घ्यायचा. बोली लावणारा एकटाच, तरी शेवटचं मिनिट आलं की स्वतःच्याच बोलीवर पुन्हा बोली. दोन मिनिटं वाढायची. ती संपत आली की परत तेच. काय येडं आहे, म्हणून मी हसायचे. पार्सल सोलापूरला कुणा नरसय्या बोल्लींच्या नावानं जायचं. सोलापूर लिहिताना छातीत जरा हलायचं, पण सोलापुरात काय आप्पा एकटेच राहतात?

प्रश्नही फार विचारायचा. 'मागची बाजू दाखवावी.' 'धुलाई हाताने केली की कसे?' मी उत्तरं द्यायचे. मग एक दिवस त्यानं विचारलं, 'आपण कामाला एकट्याच असता का? जेवण वेळेवर होते का?'

बाईनं असा धंदा करायचा म्हणजे काय काय वाचावं लागतं ते बाईलाच ठाऊक. माझं डोकं सटकलं. मी लिहिलं, 'लाज वाटत नाही का? घरात आईबहीण नाही का? वयाचं भान ठेवा.' आणि त्याला कायमचा बंद करून टाकला.

पाच आठवड्यांनी आप्पा गेले, झोपेतच. तेराव्या दिवशी त्यांचे गिरणीतले सोबती, मी तोवर कधी न पाहिलेले नरसय्याकाका, रिक्षातून सात पार्सलं घेऊन आले. प्रत्येकावर माझं अक्षर, माझी चिकटपट्टी. एकही उघडलेलं नव्हतं.

"तुझ्या बापाचं हाय हे," काका म्हणाले. "घरी आणायला लाजत होता. त्यासाठी मोबाइल शिकला बघ ह्या वयात."

मी त्या ताणाबाणाला परत उघडलं. बंद केल्यामुळे माझ्यापर्यंत न पोचलेलं त्याचं उत्तर तिथे पडून होतं: 'माफ करा, ताई. पुन्हा विचारणार नाही.'

बापानं मला ताई म्हटलं होतं.

याला आठ महिने झाले. ते दुखावून गेले का, एवढंच मला विचारायचं आहे, आणि ज्याला विचारायचं तोच नाही. या आठवड्यात मी पहिलं पार्सल उघडलं. हाच तो गालिचा. परत लिलावात लावू म्हणून धुतला, आज सकाळी फोटो काढले. आणि आता त्याच्यावरच मला झोप लागतेय.

पंखा थांबतो.

आप्पा माझ्या पायापाशी बसून गालिच्याचा कोपरा उलटून बघतायत. पांढरा सदरा, चष्मा कपाळावर. ते गेलेत हे मला पक्कं माहीत आहे. तरी उठून पाणी द्यावं का, एवढाच प्रश्न मला पडलाय.

"गाठी बारीक हायत," ते म्हणतात. "हातानं मारलेल्या. आमच्या मागाला नसतं जमलं."

"कधी आलात?"

"आत्ताच की. बोली चालू हाय न्हवं अजून?"

मी मान वर करते तर माझ्या खोलीची भिंत नाही. गिरणीचं खातं आहे. मागांच्या रांगा आहेत, सगळे गप्प, त्यांच्यावर कापसाची भुकटी बसलेली. गालिचा आमच्या पायाखालून निघून मागांच्या मधून लांबवर गेलाय, त्याचं दुसरं टोक दिसत नाही. घड्याळाच्या जागी लिलावाचे आकडे उलटे पळतायत. एक मिनिट चाळीस. एक मिनिट एकोणचाळीस.

"ते शून्य झालं की?"

"की पाळी संपली. जायचं."

"नको ना आप्पा."

ते इकडेतिकडे बघतात, आणि हळूच हात वर करतात. आकडे परत दोन मिनिटांवर जातात.

"स्वतःच्याच बोलीवर बोली लावताय," मी म्हणते. "तुमच्याशिवाय इथे आहे का कुणी?"

"कुणी नाही."

"मग कशाला?"

"तुझ्या नावापुढं हिरवा ठिपका असतोय बघ. तू बसलीस की लागतोय, लिलाव संपला की तू जातीस आणि इझतोय." ते कोपरा सरळ करतात, त्यावरून हात फिरवतात. "दोन मिनिटं जास्त बसतीस. मी बघत बसलालो असतोय. दुसरं काय."

मला रडू फुटतं. मी त्या दोन मिनिटांत काय करत असायचे ते मला आठवतं. मी शिव्या घालत असायचे. याला कुणीतरी शिकवा रे, म्हणायचे.

आता आम्ही आमच्या चाळीच्या दारात बसलोय. कधी आलो कळत नाही. गालिचा उंबऱ्यावरून आत गेलाय आणि दाराच्या वरच्या विजेच्या मीटरवर आकडे उतरतायत. समोरच्या बिऱ्हाडांची दारं उघडी आहेत. आत माणसं नाहीत, नुसती गालिच्यांची भेंडोळी उभी आहेत.

"आप्पा, मी लिहिलेलं वाचलंत तुम्ही?"

"वाचलं की."

"सगळं?"

"दोनदा. चष्मा पुसून."

मी त्यांच्याकडे बघू शकत नाही. "मग?"

"बरं वाटलं."

"आप्पा!"

"आता खोटं कशाला बोलू? तुझी आई रोज डोस्कं खायची, पोरगी एकटी हाय, कोण कुठला काय बोलंल, काय करंल. म्हटलं बघू तरी. बघितलं." ते हसतात, वरच्या पडलेल्या दाताची खिंड दिसते. "काय झाडलीस गं मला! म्हटलं, खमकी हाय. हिची काळजी नको."

"मग माफ करा ताई असं का लिहिलंत?"

"दुसरं काय लिहू? तुझा बाप हाय म्हणून लिहू? सोंग घेतलं की निभवावं लागतंय."

"एक फोन करायचा होता."

"उचलला असतास?"

मी नसता उचलला. त्यांचं नाव बघून मी फोन पालथा ठेवला असता, आणि दिवसभर फुगून बसले असते. हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

"मी पण नसता केला," ते म्हणतात. "तुझ्या पुढं पडायचं म्हणजे काय... जाऊ दे." त्यांचा हात वर जातो. परत दोन मिनिटं.

"हे तुम्ही बोलताय की मीच तुमच्या तोंडी घालतेय?"

"मला काय माहीत? झोप तुझी हाय."

ते सदऱ्याच्या खिशातून फडक्याची पुरचुंडी काढतात. कडक भाकरी आहे, आणि कुटून कुटून तेल सुटलेली शेंगाची चटणी. ती ते स्वतः कुटायचे, सुट्टीच्या दिवशी, उघड्या अंगानं, सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशी. ते पुरचुंडी सरळ गालिच्यावर सोडतात.

"जेवली नाहीस."

"आप्पा, गालिच्यावर नको! तेलाचा डाग जात नाही."

"पडू दे. माझाच हाय. मी घेतलाय इकत."

रडता रडता मला हसू येतं. ते भाकरी मोडतात, तुकड्यावर चटणी घेतात आणि माझ्या हातावर ठेवतात. मी खाते. लसणाचा ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येतं, आणि आता ते कशाचं हे वेगळं सांगता येणार नाही. ते दुसरा तुकडा मोडतात.

मीटरवर वीस सेकंद राहिलेत.

"हात वर करा, आप्पा."

"हात खरकटे हायत." ते खरंच दोन्ही तळवे दाखवतात, लाल, तेलकट. "तू कर."

मी हात वर करते. आकडे थांबत नाहीत. मी उभी राहते, दोन्ही हात वर करते, ओरडते. बारा. अकरा. मग मला आठवतं. विक्रेती मी आहे. विक्रेत्याला आपल्याच मालावर बोली लावता येत नाही.

"आप्पा, माझी बोली लागत नाही!"

"ऱ्हाऊ दे," ते म्हणतात आणि दुसरा तुकडा माझ्यापुढे धरतात. "तू जेव. तेवढं जेवून घे."

मी तो घास घेते. त्यांची बोटं माझ्या बोटांना लागतात, खरखरीत, सुतानं कापलेली. गिरणीचा भोंगा होतो. होत राहतो.

भोंगा नाही, फोन वाजतोय. चारला पाच कमी आहेत. पंखा फिरतोय, भिंती जागच्या जागी आहेत. फोन उचलायला हात पुढे करते तर उजव्या हाताची तीन बोटं लाल आहेत. तेलकट. मी ती नाकाशी नेते. लसूण.

गालिच्याच्या कोपऱ्यावर अंगठ्याएवढा डाग पडलाय, अजून ओला. सकाळच्या फोटोत तो कोपरा स्वच्छ आहे. मी मोठा करून दोनदा बघते. या घरात आठ महिन्यांत शेंगाची चटणी आलेली नाही. मीच येऊ दिलेली नाही. अशा डागावर लगेच पीठ टाकायचं असतं, नाहीतर तेल गाठींच्या मुळाशी उतरतं आणि मग कशानंही निघत नाही. पिठाचा डबा चार पावलांवर आहे. मी उठत नाही.

फोन परत वाजतो. आई.

"जेवलीस का गं?"

"हो."

"काय केलं होतंस?"

"भाकरी," मी म्हणते. "शेंगाची चटणी."

"चटणी कुठली तुझ्याकडं?"

मला खोटं बोलता येत नाही. बोटं अजून नाकापाशीच आहेत.

"आप्पांनी आणली होती."

मला वाटतं, झालं, आता ती घाबरेल, डॉक्टरला दाखव म्हणेल, मावशीला पाठवून देईल.

"लसूण जास्त पडला असंल," आई म्हणते. "सांगून सांगून थकले मी. हाताला माप म्हणून नव्हतं त्या माणसाच्या." ती नाक ओढते. "पोट भरलं का पण?"

"नाही गं आई," मी म्हणते. "दोनच घास झाले."