बिनदारूची इर्जिक

दारू सोडलेल्या माणसाला तुमच्या गावात दिवेलागणीला बसायला जागा आहे का? पिणाऱ्याला आहे. ठेका आहे, ओढ्याकाठची भट्टी आहे, जोडीला हवे तितके मैतर आहेत. सोडणाऱ्याला काय आहे? घरातला खांब.

माझे मामा तसे खांबाला टेकून बसत आणि चौथ्या-पाचव्या दिवशी उठून जात. मी तेव्हा भोरला शिकत होतो. खिशात कायम दारूबंदीची पत्रके. सुट्टीत आजोळी, पासलीच्या अलीकडच्या वाडीत गेलो की मामांना एखादे वाचून दाखवायचो. एकदा त्यांनी ते मन लावून ऐकले, "लई झ्याक लिवलंय भाचेबुवा," म्हणाले आणि भट्टीकडे चालू लागले.

त्या वर्षी मामी लेकीला घेऊन माहेरी गेल्या. निरोप रोखठोक होता : "चिखलणी न पिता पार पाडा, लावणीला मी येते. न्हाईतर न्हाई."

चिखलणीच का, ते आमच्याकडच्यांना सांगायला नको. भाताच्या खाचरात चिखल करायचा तर एका घरची बैलजोडी पुरत नाही. मग इर्जिक घालतात. सगळे शेजारी आपापली औते घेऊन एकाच्या रानात उतरतात. मजुरी नाही, मात्र जेवण यजमानाचे आणि दारूही यजमानाचीच. ती नसेल तर तो चिक्कू ठरतो. म्हणजे बाईने नवऱ्याला बरोबर विहिरीच्या काठावर उभे केले होते.

नसरापूरच्या बाजारात मी पत्रके वाटत होतो, तेव्हा पासलीच्या एका म्हाताऱ्याने माझा हात धरला.

"कागुद ऱ्हाऊ दे. घरात कुनी पितं का तुज्या?"

"मामा."

"बैलं हाईत त्यांची?"

"आहेत."

"मग सांजला आमच्या अंगणात धाड. बैलांचं मागनं बगू."

मी मामांना घेऊन गेलो. अंगणात पाच-सहा गडी घायपाताचा दोर वळत बसले होते. सगळे एके काळचे पट्टीचे पिणारे. गप्पा चालू होत्या, हात थांबत नव्हते. मामांना वाटले, इथेही बेलभंडार उचलायला लावणार.

"कंच्या देवाची शपत घिऊ?" त्यांनी विचारले.

"आजपातूर किती घेतल्या?"

"गावातलं समदं देव झालं."

"माजं तर शेजारच्या गावातलं बी संपलं," एक जण म्हणाला, आणि अंगण खदखदून हसले.

म्हाताऱ्याने मामांच्या हातात वळायला घायपाताचा वाख दिला. "शपत नगं. उद्या सांजला ये, येवडंच. न्हाई आलास तर आमी येऊ."

आणि ते खरेच यायचे. मामा दिसले नाहीत की दोघे दारात हजर : "चला पावनं, दोर अर्धा ऱ्हायलाय." दुसऱ्यांच्या इर्जिकीला जाणे धोक्याचे, म्हणून या मंडळींनी आपल्यातच इर्जिक सुरू केली होती. जेवणाला शिरा, वर ताक. गावाने टिंगल केली, "बामनाची मुंज हाय का इर्जिक?" पण चिखल काही शिऱ्यामुळे पातळ झाला नाही.

मामांच्या खाचराची पाळी आली. औते जुंपली आणि मामांचे चुलते बाटली घेऊन बांधावर उभे. औत घालण्याआधी बांधावरच्या म्हसोबाला दारूची धार द्यायची, उरलेला प्रसाद आधी यजमानाने घ्यायचा, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. मी तावातावाने पुढे झालो. म्हाताऱ्याने मला कोपराने मागे सारले.

"देऊ दे की. देवाला कशापायी उपाशी ठेवायचं?"

मामांनी बाटली घेतली. धार सुरू झाली, वास पसरला. अर्धी बाटली झाली आणि हात आपोआप सरळ झाला. इतक्या वर्षांची सवय. तो तिथेच थांबायचा. मामा बाटलीकडे बघत राहिले. बैलांची घुंगरे वाजत होती.

"का रं," म्हातारा म्हणाला, "देवाला अर्ध्या पोटी उठवतोस व्हय?"

मामा आधी गोंधळले, मग हसू लागले. हसता हसता त्यांनी बाटली उपडी केली आणि थेंब सरेपर्यंत धरून ठेवली.

"आन्‌ परसाद?" चुलते कडाडले.

"गुळाचा घ्या, तात्या," मामा म्हणाले आणि चिखलात उतरले.

लावणीला मामी आल्या. घरात नंतर गेल्या, आधी रोपांची मूठ घेऊन खाचरात वाकल्या.

मामा पुढे दिवाळीत एकदा घसरले. दुसऱ्या दिवशी मंडळी वाख घेऊन दारात आली. कुणी उपदेश केला नाही. त्यानंतर ते घसरल्याचे मी पाहिले नाही.

ठेके बंद झालेच पाहिजेत, हे मी आजही चावडीसमोर उभा राहून ओरडेन. दारूच्या उत्पन्नावर चालणाऱ्या राज्याला लाज वाटली पाहिजे. पण ठेके उठेपर्यंत माणसांनी काय करायचे? म्हणून वाचकहो, एवढे करा. यंदा तुमच्या रानात इर्जिक घालाल तेव्हा दारू आणू नका. आणि वाडीत सोडू पाहणारा कुणी असेल, तर त्याच्या दारात जाऊन त्याला बैलांसह बोलवा. आजच सांगून या.