येसाजीकाकाचा बांध आणि सहावा भाग

येसाजीकाकाची बांधाची राखण माझ्यामुळं गेली. गावात आता हे सगळ्यांना माहीत हाय, पण मी तोंड उघडलं तेव्हा उशीर झालेला. म्हणून पहिल्यापासनं सांगते.

आमचं गाव धरमतरच्या खाडीला लागून. भरतीचं पाणी वर, आमची शेतं खाली, मधी मातीचा बांध. बांधाला भगदाड पडलं की आम्ही म्हणतो, खांड गेली. खारं पाणी एकदा शिरलं की तीन वर्षं भाताचं नाव न्हाय. पुनवेला आन अमावस्येला उधाण येतं, दुपारी बाराच्या पुढं पाणी बांधाच्या काठाला टेकतं. तेव्हा राखणदारानं बांधावर फिरायचं, पाणी झिरपताना दिसलं की तिथं चिखल दाबायचा. हे काम येसाजीकाकाच्या घरात तीन पिढ्या. वाळका, उंच माणूस, पोटऱ्यांवर कायम सुकलेला चिखल, कानावर अर्धी बिडी. बायको वारलेली, पोर न्हाय. त्याला दोनच गोष्टी होत्या, बांध आन रेडिओ.

रेडिओ ग्रामपंचायतीचा. यंदा, एकोणसाठ साली, दर रविवारी दुपारी त्यावर खुनाचं नाटक लागायचं, सहा भागांचं. एक बंगला, आत सात माणसं, त्यातला एक मेलेला. खुनी उरलेल्या सहांतलाच. शेतात तण काढताना बायका भांडायच्या, सुनेनं मारला का डॉक्टरनं. मी चौथीत मास्तरांना उलट बोलून शाळा सोडली ती सोडलीच. एका जागी बसणं मला जमत न्हाय. पण त्या अर्ध्या तासात मी हलत नव्हते. आमच्याकडं माणूस मरतो तापानं, सापानं, होडी उलटून. कोणी केलं म्हणून इचारायची सोयच न्हाय. तिथं मात्र कोणीतरी केलेलं असायचं, आन शेवटी तो सापडायचा. सगळ्यांना एका खोलीत बसवायचं आन एकाकडं बोट दाखवायचं. ते बोट मला लय आवडायचं.

येसाजीकाकानं दुसऱ्याच भागात मला सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "बंगल्याचा राखणदार. चाव्या सगळ्या त्याच्याकडं, आन त्याला कोणी काय इचारत न्हाय."

सहावा भाग नेमका श्रावणातल्या अमावस्येला आला. काका बांधावर होता. मी पळत गेले. तो न्हाय म्हणाला, पाणी चढतंय म्हणाला. मी म्हटलं, "तुमचं खरं ठरतंय का खोटं, ऐकायचं न्हाय? अर्ध्या तासात बांध काय पळून जातोय?"

त्यानं पाण्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. आन आला.

खुनी राखणदारच निघाला. काकानं कानावरची बिडी काढून पेटवली, हसू लपवायला. बिडी संपायच्या आत बांधाखालच्या शेतातला कोंडाजी धापा टाकत आला. खांड गेली होती, बैलगाडी जाईल एवढी.

ओहोटी लागल्यावर देवळापुढं पंच बसले. नाव आलं माझ्या बहिणीचं, राहीबायचं. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. बाय बिळांत लोखंडी आकडी घालून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, काढते, पेणच्या बाजारात विकते. तिची आकडी खांडीच्या कडेला चिखलात सापडली होती. बांध हिनंच उकरला, हिला वाळीत टाका, अशी भाषा सुरू झाली. बाय पदर तोंडात धरून उभी. मी उठले आन पंचांच्या हातातनं आकडी घेतली.

"टोक बघा. गंजलंय. आजची आसती तर घासून चकचकीत आसती. ही चार दिवस पावसात पडलीय. बाय सगळ्या आळीत इचारत फिरत होती, कोणी बघितली का म्हणून."

बायकांनी माना हलवल्या, व्हय, इचारत होती. सगळे गप्प झाले. रेडिओत शेवटच्या भागात होतात तसे गप्प. बाय सुटली होती. तिथं मी खाली बसायचं होतं.

रावजी पंचानं इचारलं, मग खांड गेली कशी?

"बांधाचा राखणदार कुठं होता, ते इचारा," मी म्हटलं. आन बोट दाखवलं.

काका भिंतीला टेकून बसला होता. तो माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं, आता सांगणार, हिनंच बोलावलं. आम्ही दोघं एकत्र आलेलो कोणी बघितलं नव्हतं, सगळ्यांचे कान रेडिओला. काका उठला, म्हणाला, "व्हय. मी बांधावर नव्हतो." आन परत बसला. एवढंच.

आन मी, जिचं तोंड मास्तरांपुढं बंद झालं न्हाय, ती गप्प राहिले.

राखण कोंडाजीला दिली. दुसऱ्या दिवशी तळ्यावर बायका बोलत होत्या, येसाजीनंच आधी भोक पाडून ठेवलं आसंल, तसल्या डोक्याचा हाय म्हणून तर त्याला खुनी कळला. मी हंडा भरून घरी आले. तेव्हापण बोलले न्हाय.

खांड बुजवायला घरटी एक माणूस द्यायचा असतो. आमच्या घरचा मी, काकाच्या घरचा काकाच. तिसऱ्या दिवशी तो कमरेएवढ्या चिखलात उतरला, बांधाच्या फुटक्या अंगात बगलेपर्यंत हात घातला आन चिंबोरी ओढून काढली. मग दुसरी. शेजारी हात घातला, तिसरी. बांध आतनं पोकळ झालेला.

"कोणी न्हाय केलं," तो चिखलाशीच बोलल्यागत बोलला. "बिळं हायत. मी आसतो तर झिरपताना दिसलं आसतं."

मी डोक्यावरची पाटी टाकली आन सगळ्यांपुढं सांगितलं, काका येत नव्हता, मी ओढून आणला.

"मग त्या दिवशी का न्हाय बोललीस?" रावजीनं इचारलं.

बहिणीसाठी, असं म्हणता आलं असतं. पण बाय तर गंजानंच सुटली होती. पुढचं बोट माझ्या हौसेचं होतं. मी पाटी परत भरायला घेतली. राखण काय परत मिळाली न्हाय. रावजी म्हणाला, तू बोलावलंस, पण गेला तो.

आता उधाणाच्या दिवशी कोंडाजी बांधाच्या एका टोकाला असतो, आन दुसऱ्या टोकाला येसाजीकाका, कोणी न सांगता. त्याच्या मागं मी, चिखलाची पाटी घेऊन. रेडिओवर नवीन खून सुरू झालाय. काका पंचायतीकडं फिरकत न्हाय, म्हणून मी ऐकून येते आन चालता चालता त्याला सगळं सांगते, कोण कुठं होतं, कोण काय बोललं. चार भाग झाले. दुसऱ्या भागातच खुनी सांगणारा माणूस हा. मी थांबते, तो नाव घेईल म्हणून वाट बघते.

तो वाकून पाणी बघतो. "हितं दाब," म्हणतो.

मी दाबते.