पान खाल्लेली चिमणी पाहायला रिठदला

"ताई, तू कॅमेरा घेऊन येऊन राह्यली का नाही? नाहीतर मी चालली त्या ग्रुपमधून बाहेर!"

माझी मावसबहीण सुलभा फोनवर अशी कडाडली आणि मी मुकाट्याने पुणे-वाशीम ट्रॅव्हल्सची सीट बुक केली. प्रकरण असं, की सुलभाचं सासर रिठदचं, रिसोड तालुक्यातलं, आणि तिला पक्ष्यांचं भारी वेड. तिला स्वयंपाकघराच्या खिडकीतून परसातल्या लिंबांखाली लालकंठी दिसला. हा चिमणीएवढा गाणारा पक्षी उन्हाळा सायबेरियात काढतो आणि हिवाळ्यात आपल्या देशात आला तरी आसाम-बंगालकडेच रमतो. नराचा गळा लालभडक. महाराष्ट्रात त्याच्या नोंदी अगदी मोजक्या. तिनं पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर नोंद टाकली, तिथल्या तपासणाऱ्यानं फोटो मागितला, आणि तिच्या मोबाइलात आला नुसता तपकिरी ठिपका. पक्षीमित्रांच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, "वहिनी, पान खाल्लेली चिमणी असेल!" त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची ही रांग. बाई तेव्हापासून रागारागानं भाकरी थापत होत्या.

जाणाऱ्यांसाठी सांगते: ट्रॅव्हल्स सकाळी वाशीमला सोडते. स्टँडसमोर तर्री-पोहे खा, मग रिसोडकडे जाणारी एसटी पकडा. बायांना अर्धं तिकीट आहे, खिडकी मात्र भांडून मिळवावी लागते. जानेवारीत स्वेटर हवाच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळत आलेली तूर आणि मध्येच हिरवागार हरभरा. मी मूळची अकोल्याची, त्यामुळे शेजारच्या काकूंनी "कोन गावचे वं तुमी?" विचारलं आणि माझी पुणेरी भाषा तिथंच गळून पडली.

सुलभा स्कूटी घेऊन फाट्यावर उभी होती. "रोज सकाळी येते तो, खालच्या पाल्यातल्या अळ्या खाते. आज दिसलाच समज!"

घरी पोचलो, मागचं दार उघडलं आणि सुलभा मटकन खालीच बसली.

परस लख्ख! लिंबांखालचा सगळा पालापाचोळा गायब, जमीन खराट्यानं झाडून काढलेली, वर शेणाचा सडा आणि मधोमध सुरेख कमळाची रांगोळी. रांगोळीशेजारी सासूबाई उभ्या, चेहऱ्यावर कौतुकाची वाट पाहणारं हसू.

"माय, हे काय केलं वं तुमी?"

"काय केलं म्हंजे? पुण्यावून फोटो काढाले पाहुणी येऊन राह्यली, अन् तुहा पक्षी कचऱ्यात उभा दिसंन का? लोक काय म्हनतीन!"

मला हसू फुटलं आणि दुसऱ्याच क्षणी सुलभाकडे पाहून ते गिळलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "ताई, आता तो कायले येते? मी खोटारडीच ठरली ना मंग."

सासूबाईंचा चेहरा इतकासा झाला. "मले काय मालूम, त्याले कचराच लागते?" असं पुटपुटत त्यांनी पदर खोचला, टोपलं उचललं आणि थेट उकिरड्याकडे निघाल्या. आम्ही त्यांच्या मागे. मग दुपारभर तिघी पाला वाहत होतो. कुंपणापलीकडून शेजारी ओरडला, "काहून वं काकू, कचरा वापस घरात नेऊन राह्यल्या?"

"पाहुन्याले गादी टाकून राह्यली! तुले काय कराचं?"

रांगोळीवर पहिलं टोपलं मीच रिकामं केलं, जिवावर आलं अगदी. त्या रात्री सासूबाईंनी तुरीच्या ओल्या दाण्यांची, म्हणजे सोल्यांची, झणझणीत आमटी आणि पानांत गुंडाळून भाजलेले कणकेचे पानगे केले. मी ताटावर आडवा हात मारला. सुलभा नुसती चिवडत बसली होती.

सकाळी पाला उकरू नये म्हणून कोंबड्या डालग्याखाली कोंडलेल्या. आम्ही तिघी खिडकीला चिकटून. आधी बुलबुल आले, मग साळुंक्या, मग बराच वेळ कोणीच नाही. माझी मान आखडली. सुलभा उठायला लागली तेवढ्यात सासूबाईंनी तिचा दंड धरला.

"थांब. ते पाय, पान हाललं."

पाल्यातून शेपटी वर करून तो टुणकन बाहेर आला, उन्हाच्या कवडशात थांबला आणि मान उंचावली. काय तो गळा! माणकासारखा, खोटं नाही सांगत. घाईघाईत पहिले फोटो वायाच गेले. मग जमलं. सुलभा तोंडावर पदर दाबून हसत होती आणि रडतही होती. सासूबाई म्हणाल्या, "हाच का? एवढासा? याच्यापायी माही कंबर गेली!"

तुम्ही रिठदला जरूर जा, पण घराचा पत्ता मागू नका. पक्ष्याला आणि सासूबाईंना, दोघांनाही गर्दीचा त्रास होतो.

पुण्यात येऊन आठवडा झाला. पानगे बांधून दिले होते, ते संपले. फोटो सुलभाला पाठवले आणि तिनं नोंदीला जोडले. "पान खाल्लेली चिमणी" वाले महाशय आता ग्रुपवर फार आदरानं लोकेशन विचारताहेत, आणि बाई काही उत्तर देत नाहीत. नोंद मान्य करण्याआधी तपासणाऱ्यानं एकच शंका काढली होती: पक्ष्याच्या पायाशी पाल्यातून पांढरं काय डोकावतंय?

सुलभानं लिहिलं, "रांगोळी आहे. आमच्या सासूबाईंनी त्याच्यासाठी काढलेली."