पाइपातला बोळा

मंडळी, घरी बसवेना, म्हणून सायबर कॅफेत येऊन लिहितोय.

ग्रुपवर तुम्ही सांगितलंत तसा उल्हासनगरहून गाडीसाठी मोठा एअर फिल्टर आणि पाइप आणला. इंजिनला थंड हवा मिळावी म्हणून आज सकाळी घरीच बसवला. मी आनंदनगरला कंपनीत फिटर आहे. उघड्या पाइपात नट पडू नये म्हणून आम्ही चिंधीचा बोळा कोंबतो आणि त्याला लाल दोरा बांधून बाहेर लोंबता ठेवतो, म्हणजे काढायचा विसरत नाही. हे मला पप्पांनी शिकवलं. तेही फिटरच होते.

दुपारी पप्पांना दम्याचा अटॅक आला. गाडी दोनदा घरघरली आणि बंद पडली. शेवटी शेजाऱ्याच्या रिक्षातून हॉस्पिटल गाठलं. तोवर त्यांचे ओठ निळे पडले होते.

संध्याकाळी जरा बरं वाटल्यावर त्यांनी मास्क बाजूला करून पहिलं हेच विचारलं, “बोळा काढला होतास ना?”

“हो पप्पा,” मी म्हटलं.

घरी येऊन पाइप उघडला. बोळा आतच होता. घरचंच काम म्हणून मी दोरा बांधलाच नव्हता.

उद्या ते आपल्याच गाडीतून घरी यायचं म्हणतायत. माझ्या जागी तुम्ही असता तर त्यांना खरं सांगितलं असतं का?