पंप हाऊस टू कंट्रोल, ओव्हर

कोणी भुताखेताचा विषय काढला की मी सरळ उठून जातो. आमच्या चाळीत अमावास्येला लिंबू-मिरची न ओलांडणारे लोक होते, मी मुद्दाम त्यावर पाय देऊन कामाला जायचो. आजही माझं मत फारसं बदललेलं नाही... फक्त एक गोष्ट आहे जी मला कुठेच बसवता येत नाही. ती इथे लिहितोय. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या.

नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. कल्याणच्या पुढे, उल्हास नदीच्या काठाला एक छोटा कारखाना होता. आता तो बंद आहे, नाव लिहीत नाही. मी तिथे पंप ऑपरेटर. कारखान्याला लागणारं पाणी नदीतून खेचायचं हे माझं काम. माझी जागा म्हणजे पंप हाऊस - नदीतच बांधलेली खोल विहीर, तिच्यावर काँक्रीटची उंच खोली, खोलीत दोन मोटारी. काठापासून खोलीपर्यंत यायला लोखंडी पूल. एक दार, ते बाहेर उघडणारं. दोन खिडक्या, दोन्हींना जाड गज. आणि छतात एक चौकोनी भोक, मोटार बिघडली तर क्रेनने वर काढायला. त्यावर लोखंडी झाकण, आणि झाकणाचे बोल्ट बाहेरून, म्हणजे छतावरून. ते उन्हाळ्यात मीच आवळलेले.

आठ तास तिथे एकटा माणूस. सोबतीला फक्त वॉकीटॉकी, आम्ही तिला सेट म्हणायचो. ज्यांनी ती वापरली नाही त्यांच्यासाठी सांगतो - फोनसारखं दोघांनी एकदम बोलता येत नाही. बटन दाबलं की तुम्ही बोलायचं, सोडलं की समोरच्याचं ऐकायचं. बोलून झालं की "ओव्हर". एकाने बटन दाबून ठेवलं तर दुसऱ्याचं काहीच पोचत नाही.

दुसऱ्या टोकाला, कारखान्यातल्या कंट्रोल रूममध्ये, गावडेकाका असायचे. मूळ मालवणकडचे, राहायला ठाण्याला खोपटला, एसटी डेपोच्या मागे. पन्नाशीचे, बायको वारलेली, मूलबाळ नाही. माझ्यावर त्यांचा जीव. सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, दिवस गेल्याचं मी घरच्यांच्याही आधी त्यांना सांगितलेलं.

आणि त्याच माणसाशी जून महिन्यात माझं बोलणं बंद झालं.

झालं असं की गावडेकाका शिफ्ट इन्चार्जकडे गेले आणि म्हणाले, याला पंप हाऊसवरून काढा, दुसरीकडे कुठेही टाका. कारण विचारलं तर सांगेनात. एकदा नाही, तीनदा गेले. माझ्या कानावर आलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. मी सगळ्यांसमोर त्यांना विचारलं, "काका, मी तुमचं काय वाईट केलं?"

ते म्हणाले, "माझं ऐक रे. एवढा पावसाळा जाऊ दे."

"कारण सांगा."

ते मान खाली घालून निघून गेले. इन्चार्जने त्यांचं ऐकलं नाही, मी होतो तिथेच राहिलो. पण त्या दिवसापासून मी त्यांच्याशी सेटवर कामापुरतं बोलायचो. पाण्याची पातळी सांगायची, ओव्हर म्हणायचं, बस.

जुलैमध्ये चार दिवस सलग पाऊस लागला. त्या दिवशी माझी पहिली पाळी. सकाळी साडेदहाला नदीचं पाणी पुलाच्या जेमतेम हातभर खाली होतं. सेटवर काका ओरडले, "मोटारी बंद कर आणि निघ. ताबडतोब निघ. ओव्हर."

आता खरं सांगतो, लाज वाटते तरी सांगतो. त्यांचा आवाज ऐकून मला राग आला. हा माणूस मला इथून हाकलायलाच बसलाय, असं वाटलं. मोटारी मी बंद केल्या, पण निघालो नाही. तेलाचे डबे उचलून उंचावर ठेवले, लॉगबुक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं. मुद्दाम. पंधरा मिनिटं घालवली.

मग एक मोठा दणका बसला. सगळी खोली हादरली. नदीतून वाहत आलेलं झाड पुलावर आदळलेलं. पूल पिळवटून दारावरच येऊन बसला. मी दाराला खांदा लावला, लाथा मारल्या, पहार घालून बघितली. दार बोटभर हललं आणि अडकलं.

सेट उचलला. "काका, दार अडकलंय, ओव्हर!"

उत्तर नाही. पुन्हा दाबलं. नुसती खरखर. नंतर कळलं, तोपर्यंत कारखान्यात पाणी शिरलेलं, सगळी लाईट बंद करून माणसं बाहेर काढलेली. कंट्रोल रूममध्ये कोणीच नव्हतं.

पाणी जमिनीतल्या फटींतून वर यायला लागलं. घोटा... गुडघा... मी शिडीवरून क्रेनच्या आडव्या लोखंडी तुळईवर चढलो. डोकं छताला टेकत होतं. झाकण हाताला लागत होतं, खालून धक्के मारून हात सोलले, पण ते हलणार नव्हतं. बोल्टांचा एकोणीसचा पाना माझ्या खिशात होता. बोल्ट पलीकडे. मध्ये पाव इंच लोखंड.

खाली पाण्याने खिडक्या बुडवल्या तसा उजेड गेला. हिरवट अंधार आणि मोटारींवरून फिरणाऱ्या पाण्याचा आवाज. सेटचा लाल दिवा मिणमिणला आणि विझला. बॅटरी संपलेली. बटन सोडल्यावर जी खरखर यायची तीही बंद झाली.

तरी मी बोललो. मेलेला सेट तोंडाला लावून, बटन गच्च दाबून. का ते विचारू नका. गप्प बसलो असतो तर वेडा झालो असतो.

"पंप हाऊस टू कंट्रोल. काका, मी आत आहे. दारावर पूल पडलाय. पाणी वर येतंय. छताचं झाकण वरून उघडा, एकोणीसचा पाना आणा. नदीकडून येऊ नका, शेताच्या बाजूने या, तिकडे धार कमी आहे. काका, माझं चुकलं. सुनंदाला सांगा..." पुढे मला सुचेना. मग म्हणालो, "मुलगी झाली तर मैथिली नाव ठेवा. ओव्हर."

हे नाव त्या क्षणापर्यंत माझ्याही मनात नव्हतं. कुठून आलं माहीत नाही. मी तीन वेळा "ओव्हर" म्हणालो. चौथ्यांदा म्हणायला तोंड उघडलं तेव्हा पाणी छातीला लागलेलं.

आणि डोक्यावर पावलं वाजली.

"आहेस ना रे? बोल!" गावडेकाका! मी झाकण बडवलं. पाना बोल्टवर लागल्याचा आवाज आला. एक, दोन, तीन, चार. झाकण सरकलं आणि पांढरा उजेड डोळ्यांत घुसला.

"हात दे र, दोनी हात दे!" काकांच्या शेजारी गुडघ्यावर बसलेला दामू केणी ओरडला. हा खाडीवरचा कोळी, कारखान्याबाहेर मासळी विकायला यायचा. दोघांनी मला ओढून काढलं. दामूची होडी छताच्या कडेला बांधलेली. शेताच्या बाजूने आणलेली.

होडीत मी थरथरत होतो. काकांनी आपला शर्ट काढून माझ्या अंगावर टाकला आणि म्हणाले, "मैथिलीचं बारसं आता तुझं तू कर."

मला वाटलं, ऐकलं यांनी. कसं का होईना, सेट लागला होता. मी म्हटलं, "माझं बोलणं पोचलं तर!"

वल्हं मारता मारता दामूच म्हणाला, "कसला बोलना? गावडे आठ दिस माझे मागं लागलाय. होडी वर आनून बांध, होडी वर आनून बांध. मना वाटला डोका फिरला याचा, येरा झाला हा."

आठ दिवस. पाऊस लागून तर चारच दिवस झालेले.

पाणी उतरल्यावर मी काकांना गाठलं. तेव्हा त्यांनी सांगितलं. जूनमधली गोष्ट. कडक ऊन पडलेलं, दुपारी पाळी बदलताना मी कंट्रोल रूममध्ये त्यांच्यासमोर चहा पीत बसलेलो. माझा सेट माझ्या कमरेला, चालू. चॅनेल तोच. आणि त्यांच्या सेटवर माझा आवाज यायला लागला. त्यांनी सेट कानाशी धरला. दार, पूल, झाकण, एकोणीसचा पाना, शेताची बाजू, मैथिली. सगळं. माझ्या सेटवर मात्र काहीच नाही, आणि काका सेटवर कामाचंच बोलतायत असं समजून मी चहा पीत राहिलो.

"मी बटन दाबून विचारलं, कोण बोलतंय? पण तो बटन सोडीचना. माझं त्याच्यापर्यंत पोचणार कसं?"

"मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू हसला असतास."

हसलो असतो. नक्की.

सेट मी नंतर दुरुस्तीवाल्याला दाखवला. बॅटरी पूर्ण उतरलेली, आत पाणी. तो म्हणाला, यातून आवाज जाणं शक्यच नाही. गेला असता तरी तो जूनमध्ये कसा पोचेल, हे मी त्याला विचारू शकलो नाही.

नोव्हेंबरमध्ये मुलगी झाली. नाव मैथिलीच.

पाच-सहा वर्षांनी एकदा खोपटला माझी एसटी चुकली. पुढची गाडी दोन तासांनी, म्हणून काकांच्या खोलीवर गेलो. ते निवृत्त झालेले. स्टोव्हवर चहा ठेवताना माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "तुला एक सांगायचं राहिलंय."

"काय?"

"तू तीनदा ओव्हर म्हणालास. बरोबर?"

"हो. मग तुम्ही आलात."

"मी ऐकलं त्यात चौथाही ओव्हर होता. मग पाचवा. मग बोलणं थांबलं. बटन दाबलेलंच होतं... नुसतं पाणी ऐकू येत होतं. बराच वेळ. तू समोर बसून बशीतला चहा फुंकत होतास आणि मी ते ऐकत होतो."

मी विचारलं, "आणि होडी? झाकणाचा आवाज?"

त्यांनी मान हलवली. "कोणी आलं नाही रे."

यावर मी खूप विचार केलाय. मी वाचलो, चांगला संसार केला, मैथिलीचं लग्नसुद्धा झालं. पण काकांनी ज्याला ऐकलं तो माझ्याच आवाजात बोलत होता, माझ्याच मुलीचं नाव घेत होता, आणि त्याच्या डोक्यावर पावलं वाजली नाहीत. तो कोण होता आणि त्याचं पुढे काय झालं, हे मला कोणी सांगू शकलेलं नाही.