दीवच्या तटावर राहिलेलं हसू

बोरिवलीहून दीवची बस दुपारी सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोचते, असं तिकिटावर लिहिलेलं असतं. पोचण्याच्या बाबतीत बसवाले अंमळ उदार असतात. बाबांना घेऊन मी घाटकोपरहून निघाले तेव्हा आईने घावण्यांचा डबा हातात दिला, गोळ्यांची पिशवी माझ्या गळ्यात अडकवली आणि म्हणाली, "तेवढं हसणं उरका आणि लवकर या. डॉक्टर आता पुन्हा तारीख देणार नाहीत."

हे हसण्याचं प्रकरण आधी सांगायला हवं. बाबा मूळचे मालवणकडचे. आधी गिरणीत होते, मग मरोळच्या एका कारखान्यात. तोही बंद पडल्यावर टीव्ही मालिकांत गर्दीतला माणूस म्हणून उभे राहू लागले. कधी भाजीवाला, कधी वऱ्हाडी. बारा वर्षांपूर्वी एका ऐतिहासिक मालिकेसाठी ते दीवला गेले होते. तिथे शिपाई झाले, छातीत बाण लागला आणि तटावर मेले.

या धंद्यात एक रिवाज आहे. पडद्यावर जो मरतो त्याने शॉट संपल्या संपल्या कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, कॅमेरा चालू असतानाच. मग ते मरण खोटं ठरतं आणि अपशकुन टळतो. मोठा नट असो की गर्दीतला, हे कुणी चुकवत नाही. बाबांचं मात्र चुकलं. का, असं विचारलं की "घाईत प्याकप झाला" (शूटिंग आवरलं) एवढंच सांगायचे.

इतकी वर्षं घरात त्यावर थट्टाच चालायची. यंदा मात्र बाबांच्या हृदयाची झडप बदलायची ठरली आणि ते ऐनवेळी अडून बसले. "माझा हसूचा रवलाहा (माझं हसायचं राहिलंय). ता झाल्याशिवाय मी टेबलावर चढूचंय नाय." ऑपरेशन लांबवणं धोक्याचं आहे, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं. मी चिडले, भांडले, दोन दिवस अबोला धरला. भिंतीवर डोकं आपटण्यातला प्रकार. शेवटी डॉक्टरांना विचारून, झोपून जायच्या बसचं तिकीट काढून, ऑफिसात रजा टाकली.

सकाळी बसने दीवच्या अलीकडे उन्यालाच उतरवलं तेव्हा बाबांच्या डाव्या चपलेचा अंगठा तुटला होता. समोरच्या गाड्यावर गरम गाठिया, तळलेली मिरची आणि संभारो (कच्च्या पपईचा परतलेला कीस) मिळाला. बाबांनी एका पायावर उभं राहून दोन प्लेटी संपवल्या. आजारी माणसाला हे चालतं का, असं विचारणार होते, पण तोंडात माझ्याही मिरची होती.

उन्याहून रिक्षाने निघालो. खाडीवरचा पूल ओलांडला की हवा बदलते. रस्त्याच्या कडेला होका (फांद्या फुटलेला ताड) दिसू लागतो. आपला ताड सरळसोट वर जातो, हा मधेच दोन वाटांना फुटतो. गुजरातेतून इथे गाड्या भरभरून कशासाठी येतात ते दुकानांच्या पाट्याच सांगतात, मी वेगळं सांगत नाही.

दीवचं जुनं शहर तटाच्या आत आहे. आत शिरायला झांपा (वेस) आहे, लाल रंगवलेला, वर दगडी सिंह. बाबा वेशीत थांबले, बाहेरच्या दुकानातून घेतलेल्या नव्या चपला घातल्या आणि आत शिरताना उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला. आत अरुंद गल्ल्या, रंग उडालेल्या गॅलऱ्या, एक पांढरंशुभ्र चर्च. जिथे तिथे त्या मालिकेतल्या राणीचे फोटो होते. चहाच्या टपरीवर राणी, सलूनमध्ये राणी. मालिका संपून वर्षं झाली, तरी गावाने तिला जाऊ दिलेलं नाही.

किल्ल्याच्या दारात आम्हाला जीवाभाई नावाचा गाईड चिकटला. "यहाँ रानी रोई थी," "यहाँ रानी का घोडा रुका था," असं तो जागोजागी दाखवत होता.

मी विचारलं, "जहाँ सिपाही मरे थे, वो कहाँ?"

"सिपाही तो बहन, सब जगह मरे थे."

किल्ला तीन बाजूंनी समुद्रात आहे. खंदक, तोफा, गोळ्यांचे ढीग, दीपगृह. बुरुजावर वारा इतका की ओढणी तोंडावर येते. आणि तट सगळा सारखाच. पिवळट दगड, त्यात चौकोनी झरोके, पुढे पुन्हा तेच. बाबा दर दहा पावलांवर थांबून दम घेत होते. तासाभराने मी म्हणाले, "बाबा, कुठेही उभे राहा ना. फोटो काढते, हसा, विषय संपवा."

"असा चलता नाय," ते म्हणाले. मग थोडा विचार करून म्हणाले, "मी हंय (इथे) उभो नव्हतंय. आडवो होतंय."

आणि सरळ जमिनीवर आडवे झाले. मान वळवून बघितलं, उठले, पुढे गेले, पुन्हा आडवे. मेल्यावर जे दिसलं होतं ते त्यांना हवं होतं: तोफेचं चाक आणि त्याच्यामागे अर्धं दीपगृह. भावनगरकडचं एक कुटुंब थांबून बघू लागलं. त्यातल्या आजीबाई घाबऱ्याघुबऱ्या पाण्याची बाटली घेऊन आल्या. जीवाभाईने त्यांना समजावलं, "कुछ नहीं बा, ये यहाँ मर गये थे." आजी दोन पावलं मागे सरकल्या.

पाचव्या ठिकाणी बाबा उठलेच नाहीत. "गावला (सापडलं)," म्हणाले.

मी मोबाईल धरला. "हसा."

बाबा हसेनात. ओठ ताणले, सोडले. मी म्हणाले, "बाबा, काय यार! एवढ्या लांब आलो ना!" तरी नाही. डोळे मात्र भरून आले. मी मोबाईल खाली ठेवला आणि त्यांच्या शेजारी दगडावर आडवी झाले. दगड पाठीला छान कोमट लागत होता.

डोळे पुसून ते म्हणाले, "प्याकप बिकप काय नाय गो. मी निजलंय."

तेव्हा शूटिंगमुळे दोन रात्री जागरण झालं होतं. मेल्यावर वारा लागला आणि गाढ झोप आली. शॉट संपला, सगळे 'काका, हसा' म्हणून ओरडत राहिले, यांना पत्ताच नाही. माणूस खरंच गेला असं वाटून एकाने छाती चोळली, दुसऱ्याने तोंडावर पाणी मारलं, तेव्हा उठले. तोवर कॅमेरा बंद झालेला. लाजेने हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

"आता ते इंजेक्शन दितले. मी निजतलंय. लोक हाका मारतले. आणि उठलंय नाय तर?"

इतके दिवस मी हट्टाशी भांडत होते. भीतीला एक प्रश्नही विचारला नव्हता. मला स्वतःची लाज वाटली. मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "भीती तर मलापण वाटतेय, बाबा."

ते उठून बसले. पाठीची धूळ मला झटकायला लावली. समुद्राकडे बघत म्हणाले, "आमचा चुकताहा. हसूचा ता शॉट झाल्यावर. शॉट तर अजून होवचो आसा."

"म्हणजे?"

"म्हणजे ऑपरेशन झाल्यावर तू म्होरां (समोर) उभी रव, क्यामेरो घेवन. हाक मार. मोठ्यान मार."

त्या संध्याकाळी जेट्टीजवळ आम्ही तळलेली सुरमई खाल्ली. मीठ जास्त होतं. बाबांनी खानावळवाल्याला मालवणीत बजावलं, त्याने गुजरातीत उत्तर दिलं, दोघांचंही समाधान झालं. परतीच्या बसमध्ये बाबा बोरिवली येईपर्यंत घोरत होते.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं तेव्हा बाबा डोळे मिटून होते आणि घशात नळी होती. मी हाक मारली. मग मोठ्याने मारली. नर्स रागावली. बाबांनी डोळे उघडले, माझ्या हातातला मोबाईल बघितला आणि बोट हलवून खूण केली, थांब.

संध्याकाळी नळी काढली. मला वाटलं, आधी पाणी मागतील.

"क्यामेरो खंय आसा?"

तो फोटो आता घरात टीव्हीच्या वर लावलाय. लोक विचारतात, इतका हललेला कशाला लावलात? बाबांचं हसू त्यात नीट दिसत नाही. पुन्हा काढूया म्हटलं तर बाबा ऐकत नाहीत, एकदा हसलो तेवढं पुरे म्हणतात.