गोड हाताची आढी

माझ्या थोरल्या काकांचा हात गोड आहे, असं आमच्या आळीत मानत. म्हणजे पिकवायची केळी आढीत त्यांनीच घालायची. दुसऱ्या कुणी घातली तर ती टणक राहतात, नाहीतर कुजतात. हा शोध कुणी लावला? काकांनीच. आणि पार आगाशीपर्यंतच्या शहाण्यासुरत्या बागायतदारांनी तो मुकाट मान्य केला.

खरं काम आईचं. पेटाऱ्यात पेंढा अंथरायचा, घडाच्या फण्या सोडवून मांडायच्या, नारळाच्या सोडणांचा धूर आत कोंडायचा, वरून गोणपाट दाबून कडा शेणाने लिंपायच्या, हे सगळं ती करी. काका पहिली फणी तेवढी आत ठेवत, तिच्यावर अंगठ्याने क्रूस काढत आणि चहा मागत.

रॉकेल रेशनवर मिळायचं तेव्हाची गोष्ट. आईचे वडील शेजारच्या गावात अंथरुणाला खिळले होते. अन्न जात नव्हतं. त्यांनी निरोप धाडला, "पोरीच्या दारचं वेलची केळं खाईन." त्या केळीचं रोप तिच्या लग्नानंतर त्यांनीच आणून लावलं होतं. घड भरलेलाच होता. माझ्या वडिलांनी लगेच कोयता घेतला आणि तो घड उतरवला.

इथेच घोडं अडलं. काका त्या दिवशी विरारला गेले होते. संध्याकाळी आले, आपल्याला न विचारता उतरवलेला घड ओटीवर टांगलेला पाहिला आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

"कापताना मी लागलो नाय. आता आढी पन तुम्हीच घाला!"

आईने खरंच घातली असती. तसं ती म्हणालीही. पण वडील घाबरले. बायकोचे हात रोज राबताना पाहणारा माणूस, आणि भ्यायला कुणाला, तर भावाच्या अंगठ्याला! "कुजली तर म्हाताऱ्याला काय देशील?" म्हणाले. मग दादापुता सुरू झाला. वडिलांनी हात जोडले, शेजारी समजूत घालायला आले, कोंबडी कापली. काका जेवायला तेवढे उठत आणि हाडं चोखून पुन्हा भिंतीकडे वळत. हिरवा घड तसाच लटकत होता आणि आई त्याच्याखालून पाण्याला जात-येत होती. मला त्या पाठमोऱ्या माणसाची आजही किळस येते.

अखेर स्वारी प्रसन्न झाली. क्रूस काढला, चहा प्याली. आईने आढी लिंपून घेतली. ती उघडायच्या आतच माहेरचा माणूस म्हातारा गेल्याचं सांगायला दारात उभा राहिला.

सातव्या दिवसाच्या चर्चमधल्या मिस्सानंतर आईच्या माहेरी जेवण होतं. केळी पिवळीधमक पिकली होती. आई ती घेऊन गेली, टाकणार कुठे? पंगतीत वाहवा झाली. "हात आहे बाबा, हात!" कुणीतरी म्हणालं. काका मान डोलवत होते. आई वाढत वाढत त्यांच्यापुढे आली. त्यांनी केळं सोललं, अर्धं तोंडात घातलं आणि म्हणाले, "म्हाताऱ्यानं जरा थांबाया पायजे होतं गो."

वडील शेजारीच बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. आईने काकांच्या पानात आणखी एक केळं ठेवलं आणि ती पुढच्या माणसाला वाढायला गेली.